घरच्या कोंबड्यांमध्ये नवी कोंबडी कशी मिसळावी?

दिव्यासारख्या दाट वस्तीत घरामागचे खुराडे लहान असते. बाजारातून आणलेली कोंबडी थेट त्यात सोडली, तर रोग आणि भांडण दोन्ही घरात येऊ शकतात.

आधी वेगळी ठेवा

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर तालुक्यात, वेहळोली गावी बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगावर औषध नाही, फक्त लस आहे. म्हणून नवी कोंबडी ३ ते ४ आठवडे दूर ठेवा. दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग नवीला द्या. भांडी वेगळी ठेवा आणि हात धुवा. धाप, हिरवट विष्ठा, वाकडी मान दिसल्यास पशुवैद्यकाला कळवा.

मग ओळख

कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. नवी आली की ती टोचाटोचीने पुन्हा ठरते. आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना दिसू द्या. शक्यतो दोन नव्या एकत्र आणा, म्हणजे सगळा मार एकीवर पडत नाही.

एकत्र सोडताना

- दाण्या-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा.
- लपायला आडोसा द्या.
- पहिले काही दिवस लक्ष ठेवा.

थोडी टोचाटोची चालते. रक्त दिसले, तर जखमी कोंबडी लगेच बाजूला काढा. रक्त पाहून बाकीच्या आणखी टोचतात.