भूल, पाळीव प्राण्यांची
शस्त्रक्रिया वा तपासणीसाठी प्राण्याची वेदना व हालचाल औषधाने तात्पुरती थांबवणे. गुंगीत प्राणी शांत होतो. पूर्ण भुलीत शुद्ध हरपते. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून कुत्र्याला आधी उपाशी ठेवतात. झायलाझिनने गुंगी आणून केटामिन किंवा प्रोपोफॉल देतात. लांबलेल्या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेतील नळीतून आयसोफ्लुरेन हुंगवतात. भुलीत डोळे उघडे राहून कोरडे पडतात, म्हणून मलम लावतात. सांगलीच्या जतकडील कारवानसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत चरबी कमी असल्याने थायोपेंटोनची भूल उतरायला वेळ लागतो. गाईबैलांना झायलाझिन घोड्याच्या सुमारे एकदशांश मात्रेत पुरते. त्यांच्या पोटाच्या शस्त्रक्रिया बहुधा उभ्यानेच, लिग्नोकेनने जागा बधिर करून होतात.