हॉथॉर्नची खोली आणि मजुरी

कामगार केवळ पैशासाठी राबत नाही, त्याला आपुलकी हवी असते, हे वाक्य वाटाघाटींच्या मेजावर आम्ही किती वेळा ऐकले असेल! त्याचे मूळ शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात आहे. १९२७ साली तेथे एका वेगळ्या खोलीत पाच मुली टेलिफोनचे रिले जोडू लागल्या; सहावी सुटे भाग पुरवी. विश्रांती दिली, कामाचा दिवस आखूड केला, उत्पादन वाढले. सवलती काढल्या, तरी ते मूळ पातळीवर उतरले नाही. हार्वर्डच्या एल्टन मेयोंनी अर्थ लावला तो आपुलकीचा.

तो अगदीच खोटा नव्हे. परंतु श्रोतेहो, त्या खोलीत मजुरीही बदलली होती. पूर्वी ती मोठ्या खात्याच्या कामावर ठरे, आता या सहाजणींच्याच. शिवाय १९२८ साली, फार बोलतात म्हणून, दोघींना बदलण्यात आले. (बोलक्या कामगाराचे नशीब सगळीकडे सारखेच!)

पुढे १९३१ मध्ये चौदा पुरुषांची खोली झाली. ते ठरावीक कामापुढे जात नसत. जास्त करणाऱ्याच्या दंडावर बुक्की बसे. पंडितांनी याला समूहाची भावना म्हटले. आम्हांला त्यात दर कापले जाण्याचे, नोकरी जाण्याचे भय दिसते. १९३२ साली मंदीतल्या कामगारकपातीने ती खोलीही बंद पडली.