लसणाचा वास असतो कुठे?

कार्तिकात लावलेला लसूण फाल्गुनात पात पिवळी पडू लागली की काढायला येतो. ताज्या गड्ड्याची एक पाकळी जपून सोलावी आणि नाकाशी धरावी. वास जेमतेम येतो. तीच ठेचली की साऱ्या घराला कळते. मग आधी हा वास होता कुठे? याचे उत्तर मिळायला रसायनशास्त्राला शंभर वर्षे लागली.

१८४४ मध्ये थिओडोर वेर्थाइम या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने लसणाचे ऊर्ध्वपातन करून उग्र वासाचे तेल मिळवले. 'अ‍ॅलियम' या लसणाच्या लॅटिन नावावरून त्याने 'अ‍ॅलिल' हा शब्द घडवला. १८९२ मध्ये जर्मनीत सेमलरने अशा तेलातला मुख्य घटक डायअ‍ॅलिल डायसल्फाइड असल्याचे दाखवले. वास हाती लागला असे वाटले. पण दोघांनीही लसूण तापवला होता!

अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी तो तापवलाच नाही. नेहमीच्या तापमानाला अल्कोहोल वापरून त्यांनी ४ किलो लसणातून सुमारे ६ ग्रॅम तेल काढले. १९४४ मध्ये त्यांनी त्यातल्या जिवाणुरोधक पदार्थाला 'अ‍ॅलिसिन' म्हटले. तो नाजूक असतो. तापवला की मोडतो आणि त्यातून सल्फाइडे बनतात. म्हणजे आधीच्यांना सापडले ते उष्णतेने घडवलेले होते.

'लसणात अ‍ॅलिसिन असते' हे वाक्य आम्हीही वर्गात बिनदिक्कत सांगत आलो. तेही चूकच. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्टोल आणि झेबेक यांनी लसणातला मूळ पदार्थ वेगळा केला. तो अ‍ॅलिन, आणि त्याला वासच नाही! पेशीत अ‍ॅलिन एकीकडे आणि अ‍ॅलिनेज हे विकर रिक्तिकेत, दुसरीकडे. पेशी फाटल्या की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होऊ लागते.

स्वयंपाकघराला हे निराळ्या भाषेत ठाऊक होतेच. आमटीत अख्ख्या शिजलेल्या पाकळ्या लोण्यासारख्या मऊ आणि गोडसर लागतात, कारण पेशी फुटण्याआधीच उष्णतेने विकर निकामी झालेले असते. कच्च्या ठेच्यातला लसूण मात्र जिभेला झोंबतो.

वर्गात करून पाहावे. एक पाकळी अख्खीच दहा मिनिटे उकळावी, गार झाल्यावर ठेचावी. वास मंद येईल. आता कच्च्या लसणाचा रस भरपूर पाण्यात मिसळून त्याचा एक थेंब या लगद्यात घालावा, आणि तेवढाच थेंब शेजारच्या वाटीतल्या नुसत्या पाण्यात. पाच मिनिटांनी मुलांना डोळे मिटून दोन्ही वाट्या हुंगू द्याव्यात. कोणत्या वाटीत वास वाढला आणि का, हे त्यांनीच सांगावे.