बुडवलेले जहाज आणि माशांचे घर

१/७
अठराव्या शतकाच्या अखेरीस जपानमधील आवाजी बेटाजवळ एक जहाज बुडाले. त्याच्या सांगाड्याभोवती मासळी दाटीने मिळते, हे तेथील कोळ्यांच्या ध्यानी आले. काही वर्षांत लाकूड कुजले आणि मासळीही ओसरली. तेव्हा कोळ्यांनी बांबू बांधलेल्या लाकडी चौकटी वाळूच्या पोत्यांच्या भाराने तळाशी सोडल्या. मासे परतले.

२/७
यामागील कारण साधे आहे. वाळू वा चिखलाच्या सपाट तळावर शेवाळ, कालवे आणि प्रवाळ यांना चिकटण्यास टणक आधार नसतो. तो मिळाला की त्यांच्यामागोमाग लहान मासे येतात आणि लहान माशांच्या मागे मोठे. अशा मानवनिर्मित आधाराला ‘कृत्रिम भित्तिका’ म्हणतात. विसाव्या शतकात त्यासाठी निवृत्त जहाजे व मासेमारी नौकाही बुडवल्या जाऊ लागल्या.

३/७
मात्र समुद्रात टाकलेली प्रत्येक वस्तू भित्तिका होत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सुमारे वीस लाख जुने टायर सोडण्यात आले. त्यांना बांधणारे दुवे तुटले, टायर वादळांत भरकटले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर आदळले. पुढे ते बाहेर काढण्यासाठी लष्कराच्या पाणबुड्यांना उतरावे लागले.

४/७
त्या अनुभवाने एक नियम दृढ झाला: बुडवण्याआधी शुद्धी. जहाजातील इंधन, वंगण, विषारी रंग, विजेच्या तारा आणि सुटे भाग काढावेच लागतात. अन्यथा भित्तिकेच्या नावाखाली समुद्राची कचराकुंडी होते.

५/७
महाराष्ट्रात हा विषय ‘आयएनएस गुलदार’मुळे चर्चेत आला. रणगाडे व सैनिक किनाऱ्यावर उतरवणारे, सुमारे ८४ मीटर लांबीचे हे जहाज १९८५ मध्ये पोलंडमध्ये नौदलात दाखल झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ ते बुडवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम भित्तिका साकारण्याची योजना आहे. २०२५ मध्ये ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आले.

६/७
खरा प्रश्न त्यापुढचा आहे. भित्तिका नवे मासे वाढवते, की इतस्ततः विखुरलेले मासे केवळ एका जागी गोळा करते? शास्त्रज्ञांमध्ये हा वाद अनेक दशके चालू आहे. गोळा झालेली मासळी मोठ्या जाळ्यांनी उपसली, तर आसरा म्हणून उभारलेली जागाच सापळा ठरते.

७/७
सिंधुदुर्गात हा प्रश्न पुस्तकी नाही. रापणकर व छोटे मच्छीमार आणि पर्ससीन नौका यांच्यातील संघर्ष तेथे जुना आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, ते याच पार्श्वभूमीवर. आवाजीच्या कोळ्यांनी चौकटी स्वतः बांधल्या, स्वतः सोडल्या आणि त्यांभोवतीची मासळीही स्वतःच धरली. आज जहाज एकाचे, योजना दुसऱ्याची आणि समुद्र तिसऱ्याच्या पोटापाण्याचा आहे. म्हणून भित्तिकेभोवती जाळे कोणी, किती आणि केव्हा टाकावे, हे जहाज तळाला टेकण्यापूर्वीच ठरले पाहिजे, आणि ते ठरवताना त्या तिसऱ्याला प्रथम विचारले पाहिजे.