नदीला आधी पाणी, मग झाडं

पावसाळा आला की नदीकाठी झाडं लावायचे कार्यक्रम होतात. फोटो निघतात, उन्हाळ्यात रोपं जळून जातात. म्हणून ही कोलोरॅडो नदीची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतली ही नदी वाळवंटातून मेक्सिकोत उतरते आणि समुद्राला मिळते. खरं तर, मिळायची. १९२२ साली वनअधिकारी आल्डो लिओपोल्ड तिच्या मुखाजवळ होडीतून फिरले, तेव्हा काठाला कॉटनवुड आणि विलोची हिरवी रानं होती. पुढे हूवर, ग्लेन कॅन्यन अशी मोठी धरणं झाली आणि पूर थांबले. कॉटनवुडचं बी थोडेच दिवस टिकतं. ओसरत्या पुराच्या ओल्या, उघड्या गाळावर पडलं तरच रुजतं. पूरच नाही तर रुजणार कुठे? बाहेरून आणलेल्या टॅमरिस्क झुडपाने काठ बळकावला, आपल्याकडे वेड्या बाभळीने बळकावला तसाच.

२०१२ मध्ये दोन्ही देशांचा करार झाला. २३ मार्च २०१४ ला मोरेलोस धरणातून पाणी सुटलं. आठ आठवड्यांत सुमारे १३ कोटी घनमीटर! लोक कोरड्या पात्रात उतरून पाण्याची वाट बघत होते. थोडं पाणी समुद्रालाही भेटलं.

पण कॉटनवुड, विलो नीट उगवले ते जिथे आधी टॅमरिस्क काढून जमीन तयार ठेवली होती तिथेच. बाकी ठिकाणी टॅमरिस्कच फोफावलं.

म्हणजे नुसती झाडं पुरत नाहीत, नुसतं पाणीही नाही. पुढच्या वृक्षारोपणाला बोलावणं आलं की एवढंच विचारा, नदीसाठी पाणी किती सोडणार?