खोजा युसूफ खोरासानी जुन्नरला उतरला होता

जुन्नरला येऊन गेलेल्या पाहुण्यांची यादी करायला बसले, तर ती दोन हजार वर्षे मागे जाते. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही जागेवर आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिला नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिल्याचा लेख आहे. परमुलखातून आलेल्या माणसाने इथे येऊन पाण्याची सोय केली, ही गोष्ट आमच्या शाळेत कुणी सांगितली नव्हती. शाळेत आम्हांला शिवनेरी सांगितला गेला, आणि तो सांगायलाच हवा होता. पण त्याच शिवनेरीचे वर्णन शिवजन्माच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी एका रशियन व्यापाऱ्याने करून ठेवले आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

त्याचे नाव अफनासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा हा व्यापारी. जुन्या मतानुसार तो जुन्नरला १४६९ साली आला, नंतरच्या रशियन अभ्यासकांच्या हिशेबाने १४७१ साली. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या पाव शतकाहून आधी. त्याला कुणी राजाने पाठवले नव्हते. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले, माल गेला, धर्माची पुस्तकेही गेली. देशी परतावे तर सावकार दारात उभे. म्हणून तो पुढेच जात राहिला. दरबंद, बाकू, मग इराण आणि शेवटी होर्मुझ. तिथे त्याला कळले, की दख्खनमध्ये घोडे पैदा होत नाहीत आणि तिथल्या सरदारांना घोड्यांशिवाय चालत नाही. त्याने एक घोडा विकत घेतला. तो जुन्नरपर्यंत आणीपर्यंत शंभर रूबल खर्च झाले, असे तो लिहितो. होती नव्हती ती पुंजी त्या एका जनावरात घालून तो ‘तावा’ म्हणतात त्या गलबतात चढला आणि सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर चौलला उतरला.

चौलला त्याच्यामागे माणसांची गर्दी लागे. गोरा माणूस लोकांनी पाहिला नव्हता. आणि तो पाहत होता उघड्या अंगाने, एका वेणीने, अनवाणी फिरणारी कोकणातली माणसे. दोन्हीकडून नवलच नवल! तिथून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, उमरीहून जुन्नर सहा दिवस, असा त्याने मुक्कामांचा हिशेब दिला आहे. कोकणातून सह्याद्री चढून जुन्नर-आंबेगावच्या पठारावर येणाऱ्या वाटा तेव्हा अनेक होत्या. नाणेघाट त्यातला नावाजलेला. आहुपे घाट चढून घोड नदीच्या खोऱ्यात उतरणारी वाट आंबेगावची. तिच्यावरचे मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले, की जुन्या देवळांचे अवशेष तेवढे वर येतात. या वाटांवर घोडा चढवून आणायचा म्हणजे काय, ते आजही पायी जाणाऱ्याला समजेल.

जुन्नरला तो पोहोचला तो पावसाच्या तोंडाला. दोन महिने राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, ही त्याची तक्रार वाचताना आमच्यासारख्या जुन्नरकरांना हसू येते. त्याच्या देशात हिवाळा बर्फाचा, म्हणून त्याने आपल्या पावसाळ्यालाच हिवाळा म्हटले आहे. याच दिवसांत लोक नांगरतात, गहू, भात आणि हरभरा पेरतात, असेही तो सांगतो. भात ठीक आहे. पण गहू-हरभरा पावसात कोण पेरतो? बहुधा नंतर पाहिलेले त्याने इथे जोडून दिले असावे. मात्र एक तपशील त्याने नेमका टिपला आहे. इथे घोड्यांना हरभरा चारतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात. ‘खिचडी’ हा शब्द थोडा वाकडा होऊन त्याच्या रशियन मजकुरात तसाच बसला आहे.

शिवनेरीबद्दल तो म्हणतो, की हे शहर दगडाच्या बेटावर आहे, ते कुणी बांधले नाही, खुदाने घडवले आहे. वर चढायला एक दिवस लागतो आणि वाट एवढी अरुंद, की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. दिवसभराचे सोडून द्या, जुन्नरचे पोर तासाभरात वर जाऊन येते. पण मालाची आणि घोड्याची काळजी उरी घेऊन, पावसात, परक्या मुलखात तो कडा पाहणाऱ्याला तसे वाटले असेल.

आता सराईची गोष्ट. जुन्नरच्या मजकुराला लागूनच तो सांगतो, की हिंदुस्थानात बाहेरचे व्यापारी मुसाफिरखान्यात उतरतात; त्यांच्यासाठी तिथली घरधनीण रांधते आणि अंथरूण घालते. पुढचा मजकूर त्याने रशियनमध्ये लिहिलेलाच नाही. तो तुर्की-फारसी मिसळलेल्या बाजारी बोलीत आहे, कारण आपले लिखाण गावचे पाद्री वाचतील याची त्याला धास्ती असावी. त्यात तो या बायका पाहुण्यांशी किती मोकळ्या आहेत आणि त्याचा भाव काय, हे सांगतो. त्याचा तर्जुमा इथे देण्यासारखा नाही. आमचे मत विचाराल, तर बंदराच्या आणि घोडेबाजाराच्या पेठेत जे चालते, ते त्याने सगळ्या मुलखाच्या माथी मारले. पेठेत उतरलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनी असे अनेकदा केले आहे. आम्हांला खटकते ते वेगळेच. त्या बाईने काय रांधले, तिचे नाव काय, तिचा धर्म कोणता, यातले काहीच त्याने लिहिले नाही. दोन महिने तिच्या हातचे जेवला असेल, आणि पाचशे वर्षांनी आपल्या हाती आले आहे ते घोड्याच्या खिचडीचे वर्णन.

जुन्नर तेव्हा बहमनी सल्तनतीत होते. इथला अंमलदार असदखान. तो मलिक-उत-तुज्जार महमूद गावान याचा माणूस. असदखान हत्ती-घोडे दाराशी असूनही माणसांच्या खांद्यावर बसून फिरतो, याचे निकितिनला फार आश्चर्य. पालखी त्याने पहिल्यांदाच पाहिली असणार. या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, असे कळल्यावर खानाने अट घातली : आमच्या दीनमध्ये आलास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही आलास तर घोडा गेलाच, आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा वसूल करतो. मुदत दिली चार दिवसांची.

हा प्रसंग आम्ही काही जणांना सांगितला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘हे कशाला छापता? आपल्याच लोकांविरुद्ध हत्यार होईल.’’ त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण दीनमध्ये जबरदस्ती नाही ही कुराणाची शिकवण ज्याला माहीत होती, त्या अंमलदाराने ती एका घोड्यासाठी मोडली असेल, तर ते झाकून ठेवायचे कारण काय? आणि झाकले तर पुढचा प्रसंगही झाकावा लागेल. मुदत संपायच्या आदल्या दिवशी खोजा महंमद नावाचा एक खोरासानी तिथे आला. काही अभ्यासक हे नाव ‘खजिनदार महंमद’ असेही वाचतात. निकितिनने त्याच्यापुढे हात जोडले. महंमद घोड्यावर बसून खानाकडे गेला, रदबदली केली, याला बाटवू नका म्हणाला आणि घोडाही सोडवून आणला. धर्म बदलायला लावणारा मुसलमान होता आणि परक्याचा धर्म वाचवणाराही मुसलमान होता. निकितिनने दोघांचीही नोंद ठेवली. त्याने हा सुटकेचा प्रसंग खुदाचा चमत्कार म्हणून लिहिला आहे, आणि लगेच आपल्या देशबांधवांना इशाराही दिला आहे, की हिंदुस्थानात व्यापाराला यायचे असेल तर आपला धर्म रशियातच ठेवून या.

महंमदने असे का केले? दख्खनमध्ये तेव्हा बाहेरून आलेल्यांना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत आणि इथल्यांना ‘दखनी’. दोघांत रस्सीखेच होती. खुद्द महमूद गावान गिलानहून व्यापारी म्हणूनच दाभोळला उतरला होता. मलिक-उत-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य. परक्या मुलखात उतरलेल्याची हालत काय असते, हे या मंडळींना सांगावे लागत नसेल. त्या दखनी-आफाकी वैरातच पुढे एका बनावट पत्रावरून १४८१ साली गावानला ठार करण्यात आले.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे हाच रस्ता उलटा करायला निघालो. जुन्नरहून चौल-रेवदंडा. रेवदंड्याला निकितिनचे स्मारक उभारले आहे, ते पाहायचे होते. वाटेत किनाऱ्यावरच्या एका गावात फोनवर खोली ठरवली होती. पाच-सहा खोल्यांचे घर, मागे नारळाची वाडी, पलीकडे समुद्र. मालकाने वही पुढे केली. आम्ही नावे लिहिली. त्याने वही फिरवून वाचली आणि ‘‘थांबा जरा’’ म्हणून आत गेला. बाहेर आला तो म्हणाला, ‘‘चूक झाली. खोली आधीच दिलेली आहे.’’ त्याचा आवाज चढा नव्हता, उलट थोडा ओशाळलेलाच होता. आमच्या नावांवर त्याने एक आडवी रेघ ओढली. अंगणात गाडी एकच उभी होती, आमची.

पुढच्या आळीत एका आजींच्या घरी जागा मिळाली. त्यांनी वही काढली नाही. ‘‘मासे खाता ना? आणि भाकऱ्या किती टाकू?’’ एवढेच विचारले. रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचे कालवण होते. सकाळी फज्रला उठलो तेव्हा पडवीत चटई अंथरलेली होती. ती कुणी आणि कशी ओळखून अंथरली, ते आम्ही विचारले नाही. परतीच्या वाटेवर आमच्यातला समीर म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी माझं एकट्याचंच नाव लिहा. ते दोन्हीकडे चालतं.’’ सगळे हसले. मग बराच वेळ गाडीत कुणी बोलले नाही.

हे इथे सांगायचे कारण असे, की निकितिननेही नाव बदलले होते. हिंदुस्थानात तो स्वतःला खोजा युसूफ खोरासानी म्हणवीत असे. खोरासानचा युसूफ म्हटले, की सराईत जागा मिळे, बाजारात पत राही, चौकीवर प्रश्न कमी. जुन्नरला मात्र ते नाव त्याला वाचवू शकले नाही, कुणीतरी खानाच्या कानावर घातलेच. आमच्या एका मित्राने यावर म्हटले, की त्या काळी सुखाने राहायला मुसलमान नाव घ्यावे लागे आणि आज ते लपवावे लागते. वाक्य टाळ्या मिळवणारे आहे, पण आम्हांला पुरते पटत नाही. निकितिनला अडचण आली ती सत्तेच्या माणसाकडून, आम्हांला आली ती खोलीच्या मालकाकडून. त्याच्यापुढे धर्म की घोडा असा सवाल होता, आमचा फक्त एका रात्रीचा मुक्काम. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

ऑगस्टच्या मध्याला, त्याच्या एका सणाच्या दिवशी, तो जुन्नरहून बिदरला निघाला. घोडा तिथे विकला गेला. बिदरला हिंदूंशी ओळख वाढल्यावर त्याने त्यांना आपले खरे नाव सांगून टाकले : मी मुसलमान नाही, ईसाई आहे, माझे नाव ओफोनासी. त्यानंतर त्या लोकांनी आपले खाणेपिणे, व्यवहार, पूजाअर्चा, यातले काही त्याच्यापासून लपवले नाही, असे तो लिहितो. पुस्तके लुटली गेल्यामुळे त्याला आपल्या सणांच्या तिथ्या लागेनात. तेव्हा मुसलमानांचे रोजे सुरू झाले, की तोही त्यांच्याबरोबर उपास धरू लागला.

परत जाताना तो त्वेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेतच वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५च्या सुमारास मॉस्कोला पोहोचवल्या आणि साडेतीनशे वर्षांनी करमझिन या रशियन इतिहासकाराने त्या पुन्हा उजेडात आणल्या. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, नर्गिसला घेऊन. या वह्यांचा शेवट एका दुआने होतो. ज्याने जुन्नरला घोडा गमावण्याची तयारी ठेवली पण कलमा पढला नाही, त्याची ही शेवटची दुआ रशियनमध्ये नाही, अरबीत आहे. तिच्यात सूरह हश्रच्या अखेरच्या आयतींतले शब्द आहेत आणि पुढे अल्लाहची नावे एकामागून एक येतात. लिहिण्यात चुका पुष्कळ आहेत. पुस्तकातून उतरवून घेणाऱ्याच्या त्या चुका नाहीत. सराईत शेजारच्या बिछान्यावरून रोज पहाटे कानावर पडून जे पाठ झाले, ते तसेच कागदावर आले आहे.