४१ किलोमीटर उंचीवरचा प्रश्न

प्रवासी विमानं साधारण १०-१२ किलोमीटर उंचीवरून उडतात. त्याच्याही कितीतरी वर, जिथे हवा विरळ आणि अतिनील किरणांचा मारा सतत, तिथे काही जिवंत असेल का? भारतात हा प्रश्न लावून धरला तो जयंत नारळीकरांनी. म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनेची गणितं मांडण्यात हयात घालवलेल्या माणसाने.

भौतिकशास्त्र सोडून सूक्ष्मजीवांकडे वळलेले लोक याआधीही होते. जर्मनीचे मॅक्स डेलब्रुक १९३७ मध्ये अमेरिकेत गेले, जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर काम करू लागले आणि १९६९ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. नारळीकरांनी खगोलशास्त्र सोडलं नाही. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं, की जीवसृष्टीचं बीज धूमकेतूंबरोबर अंतराळातून आलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. नारळीकरांनी ते तपासायला घेतलं.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून पहिला बलून उडाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉयल गेले. एप्रिल २००५ मध्ये दुसरा बलून गेला. त्यात निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून टाकलेल्या १६ पोलादी नळ्या होत्या. द्रवरूप निऑनने त्या थंड ठेवल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर जमिनीवरून हुकूम देऊन झडपा उघडल्या आणि हवा आत गोठवून घेतली.

पुढचं काम जीवशास्त्रज्ञांचं. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या संस्थांनी नमुने वेगवेगळे तपासले. जीवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या, त्यांपैकी ९ ओळखीच्या जातींच्या. उरलेल्या ३ नव्या निघाल्या. त्यांची नावं जानीबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. तिघेही आपल्या जवळच्या जातींपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे.

इथे 'परग्रहवासी सापडले' अशी दवंडी पिटता आली असती. पण २००९ मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितलं, की यातून पृथ्वीबाहेरचं मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

पुढे आर्यभट्टाय जातीचे जीवाणू मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांजवळही सापडले. तशी काळी माती नंदुरबारच्या तापीखोऱ्यातही आहे. मग हे जीवाणू जमिनीवरून वर गेले, की वरून जमिनीवर उतरले? केवळ दोन्हीकडे सापडले एवढ्यावरून ते ठरत नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हाही तो प्रश्न खुलाच होता.